सात कटिंग

रबाळ्याच्या लॅबमध्ये माझं काम
पानांना बोलतं करायचं.
चिमूटभर भुकटी, गरम पाणी, गाळणी,
मग सुईनं दहा मायक्रोलिटर यंत्राच्या घशात.
पडद्यावर डोंगर उगवत जातात:
आधी ठेंगणं गॅलिक आम्ल,
मग सरळ कड्याचं कॅफीन,
त्याला खेटून ते लांबलचक नावाचं कॅटेचिन,
ज्याला आम्ही नुसतं ईजीसीजी म्हणतो,
थोरल्या काकांना घरात कुणी नावानं हाक मारत नाही तसं.

हिरवा आणि काळा, दोन्ही एकाच झुडपाचे.
खुडल्या खुडल्या वाफ दिली की पान हिरवं राहतं,
आतला विकर जागच्या जागी मरतो.
चुरगाळून वाऱ्यावर सोडलं
तर कॅटेचिनं एकमेकांचे हात धरतात,
थिआफ्लेविन होतात, पुढं थिआरुबिजिन,
तांबूस, तुरट,
कुठल्याच मोजमापात नीट न बसणारी.
वाऱ्यावर सोडलेल्यांचं काय होतं
हे मी पहिल्यांदा रसायनशास्त्रात वाचलं.

मार्चमधल्या शुक्रवारी फोन आला,
बारीक होण्याचा ग्रीन टी विकणारे कुणी दिवेकर.
"मॅडम, डब्यावर बारा टक्के छापून झालंय,
तुमचे नऊच येतायत."
माझे नाहीत, म्हटलं, पानाचे.
फोन ठेवला आणि खाली उतरले.

गेटबाहेर चांगुणा मढवीची टपरी.
तिच्या उकळीत काय उरतं ते मला तोंडपाठ:
साखर, आलं,
दुधाच्या प्रथिनांनी गच्च धरलेला तुरटपणा.
कॅफीन मात्र शाबूत.
ते उकळीला दाद देत नाही.

ती पातेल्यामागे स्टुलावर बसलेली,
नखं कागदासारखी.
"रगत आठ," म्हणाली. "तीन महिनं गोल्या खातंय,
हाय तिथंच हाय."
आणि बोलता बोलता पाकीट फोडून
लाल गोळी जिभेवर,
वर कडक चहाचा घोट.

मी ओरडलेच.
रांगेतला ड्रायव्हर दचकून ग्लास सांभाळत बाजूला झाला.

मग तिच्याकडून अर्धा ग्लास कोरा चहा मागितला.
दुसरी गोळी आल्याच्या बत्त्यानं ठेचली,
टाकली, ढवळली.
तांबूस रंग आधी गढुळला,
मग जांभळट,
मग चमचाही दिसेना.

हे तुझ्या पोटात होतंय, म्हटलं.
चहातला तुरटपणा लोखंडाला मिठी मारतो
आणि सोबत घेऊन बाहेर पडतो.

बावीस वर्षं चहा विकलेली बाई
ग्लास उन्हाकडे धरून बघत राहिली.
"म्हंजे मीच करतंय, मीच पितंय न मीच सुकतंय?"
आणि इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला.

चहा सोडू नको, मी म्हटलं. गोळी आणि चहा यांत
दोन तास जाऊ दे. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घे.
"लिंबू परवडतंय कुनाला. कोकम चालंल?"
मला नक्की माहीत नव्हतं. तसं सांगितलं.
तिला ते आवडलं असावं,
कारण तिनं न मागता कटिंग पुढं केला.

ग्लास ओतून द्यायला गेले तर तिनं ओढून घेतला.
काडीपेटीतली काडी बुडवली
आणि पतपेढीच्या कॅलेंडरच्या पाठीवर,
उधारीच्या यादीत, माझ्यादेखत लिहिलं:
लॅबवाली, सात कटिंग.
अक्षरं करडी, पाणचट.
वाचताही येईनात धड.

वर जाऊन अहवालावर सही केली. नऊ टक्के.

शनिवार-रविवार कॅलेंडर वाऱ्यावर हलत राहिलं असणार.
सोमवारी गेले तर अक्षरं काळीभोर,
छापल्यासारखी.
मी सत्तर रुपये काढले.
"ऱ्हाऊ दे," चांगुणा म्हणाली,
ओल्या बोटानं त्यावर घासून दाखवत,
"आता पुसत नाय ती."